उभ्याने ऐकायची सिंफनी

खुर्चीची रुंदी अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना लाकडी हात. हात वर होत नाहीत.

*

"शेजारी म्हणून सांगतो, डॉक्टर," इंजिनिअर स्मेताक लिफ्टमध्ये म्हणाले, "तुमच्या त्या वाद्याचा आवाज फरशीतून वर आला की आमची मांजर जेवत नाही."

*

विद्यापीठाच्या कागदोपत्री आमचा ऑर्केस्ट्रा शारीरिक शिक्षण विभागात मोडतो. व्हॉलीबॉलच्या नंतर, नौकानयनाच्या आधी.

*

अलोइस हालुझा, सिंफनी, तिसरा भाग. पहिल्या पानावर संगीतकाराच्या हातची सूचना: "सावकाश. पण झोपू नये."

*

"लिहून ठेवलंय? का? गाणारा मेला की काय?"

*

मी डॉ. बोहदान कालिवोदा. विद्यापीठात सांडपाण्याचा निचरा शिकवतो आणि दर मंगळवारी संध्याकाळी व्हायोला वाजवतो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, लग्न न जमलेला. चांगल्या चाली सगळ्या व्हायोलिनवाले पळवतात, खालचा भारदस्त हुंकार चेलोवाल्यांकडे जातो, आणि आमच्या वाट्याला उरतो मधला भरणा. म्-चक, म्-चक, म्-चक. अकरा वर्षं मी म्-चक करतो आहे. तक्रार नाही. निचऱ्याच्या शास्त्रातही नळ कोणी बघत नाही, नळ तुंबला तरच बघतात.

आमच्या ऑर्केस्ट्राचं संचालन राडाना करते. ती दिवसा प्राथमिक शाळेत मुलांना बासरी शिकवते आणि मंगळवारी भाजीच्या चाकाच्या पिशवीतून सिंफनीचे कागद घेऊन ट्रामने येते. चौदा लोकांवर तिने सुरुवात केली होती. आता साठ आहोत. मध्ये एकदा रंगकामासाठी विद्यापीठाचं सभागृह तीन महिने बंद होतं. साठ जण मावतील अशी दुसरी जागा शहरात मिळेना, आणि साठाचे एकोणीस झाले. उरलेले परत आणायला राडानाला दोन वर्षं लागली. एकेकाच्या घरी जाऊन, चहा पिऊन, मुलांचं कौतुक करून तिने माणसं आणली.

म्हणून कुलसचिव डॉ. हाव्रान्कोव्हा यांचं पत्र आलं तेव्हा राडानाने ते एकदा वाचलं, घडी घातली आणि नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली.

पत्राचा मजकूर असा:

"गेल्या मैफलीस सत्तेचाळीस श्रोते होते. पैकी काही जण अळंबीवरील व्याख्यानासाठी आल्याचे समजते. वसंत मैफलीस सभागृह पूर्ण भरल्यास मंगळवारी सभागृह ऑर्केस्ट्राला तालमीसाठी देण्याची सध्याची व्यवस्था चालू राहील. न भरल्यास मंगळवार परिषदांसाठी देण्यात येईल."

"एकशे ऐंशी खुर्च्या," राडाना म्हणाली.

"भरू," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. व्हायोलावाल्याला पुढे होऊन बोलायची सवय नसते, त्यामुळे बोलला की भलतंच बोलतो.

त्या रात्री ही बातमी जिन्यातच स्मेताकांच्या कानावर गेली. इंजिनिअर स्मेताक आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि आमच्याच विद्यापीठात अग्निसुरक्षा अधिकारी आहेत. या माणसाची दोन तोंडं आहेत असं मी म्हणणार नाही. दोन टोप्या आहेत. प्रत्येक वाक्याआधी ते सांगतात, आत्ता कुठली घातली आहे.

"शेजारी म्हणून सांगतो," ते म्हणाले, "संगीत ऐकायला कोणी येत नाही. लोक आपलं काहीतरी बघायला येतात. शाळेच्या संमेलनाला आईबाप जातात ते काय नाटक चांगलं असतं म्हणून? त्या सिंफनीत कोणाचं काही आहे का?"

होतं. हालुझाने तिसऱ्या भागातली चाल बेझिंकोव गावातून उचलली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी तो तिथे हवापालटाला गेला, कुणाला तरी गाताना ऐकलं, वहीत उतरवून घेतलं, आणि पुढे त्याला चार हॉर्न, एक हार्प आणि भरपूर उसासे जोडले.

"मग बोलवा की गाव," स्मेताक म्हणाले. "झालं तुमचं काम."

बाहेरच्या पाहुण्यांसाठी जागा राखून ठेवायला अर्ज लागतो. आम्ही शारीरिक शिक्षणात असल्यामुळे मला मिळाला तो पाहुण्या संघाचा अर्ज.

संघाचे नाव: बेझिंकोव.
खेळाडूंची संख्या: ६५ (अंदाजे).
राखीव खेळाडू: नाहीत.
जर्सीचा रंग:
दुखापतीचा पूर्वेतिहास:

जर्सीच्या जागी मी रेघ मारली. खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत ढकलला. "रेघ चालत नाही. दोन संघ एकाच रंगात आले तर?" मी ऑर्केस्ट्राचा काळा लिहिला आणि पाहुण्यांचा "मिश्र". बाईंनी शिक्का मारला. पुढे जे घडलं ते पाहता त्या अर्जावरची एवढी एकच गोष्ट मी बरोबर भरली होती.

मग शनिवारी मी गाडीने बेझिंकोवला गेलो. आगगाडीने. मोटार घेतली नाही, कारण त्या भागात घरात पाऊल टाकणाऱ्याच्या हातात आधी आलुबुखाऱ्याच्या दारूचा पेला येतो आणि मग त्याचं नाव विचारलं जातं. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हणणारा एकतर आजारी असतो किंवा कर खात्याचा.

पहिलं घर फिलोमेनामावशींचं. गावातल्या बायकांचं सगळं त्यांच्या हातात असतं: जत्रा, लग्नं, भांडणं.

"डॉक्टर का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "बरं झालं. हा गुडघा बघा."

"मी तसला डॉक्टर नाही, मावशी. सांडपाण्याचा आहे."

"म्हणजे पोटाचे," असं म्हणून त्यांनी दुसरा पेला भरला.

मी सगळं समजावून सांगितलं. तुमचं गाणं. साठ वाद्यं. रविवारी दुपारी तीन वाजता. कोपऱ्यात एक्याऐंशी वर्षांचे मेतोदेयकाका बसले होते. हाताची घडी, डोक्यावर टोपी. बराच वेळ ते ऐकत राहिले.

"म्हणतं कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, काका. नुसती वाद्यं."

"मग वाद्यवाल्यांना कळणार कसं?"

"लिहून ठेवलंय."

"लिहून ठेवलंय? का? गाणारा मेला की काय?"

आता बेझिंकोवची रीत अशी, की ज्याला नाचायचं असेल तो वाजवणाऱ्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो, त्यांच्या डोळ्यांत बघतो आणि गाणं उचलतो. त्याची पट्टी, त्याची चाल, त्याचा त्या दिवशीचा दम, सगळं वाजवणाऱ्यांनी तिथल्या तिथे पकडायचं. माणूस आधी, वाद्य मागून. काकांच्या दृष्टीने आमचा कार्यक्रम म्हणजे नवरदेवाशिवाय निघालेली वरात होती.

"तुम्ही नुसतं ऐका, काका," मी म्हणालो.

"ऐकतो की," काका म्हणाले. पण ज्या सुरात म्हणाले तो सूर मी तिसऱ्या पेल्यामुळे नीट ऐकला नाही.

चौथ्या घरानंतरचं मला आठवत नाही. परतीच्या गाडीत शर्टाच्या खिशात यादी सापडली. बायका त्रेचाळीस, पुरुष एकवीस. माझ्याच अक्षरात, पण उतरत्या ओळीत.

रविवार. दुपारचे सव्वादोन. सभागृहासमोर दोन बस उभ्या राहिल्या.

आधी पुरुष उतरले. भरतकाम केलेल्या घट्ट विजारी, उंच काळे बूट, टोपीत पीस. मग पहिल्या बसच्या दारात काहीतरी अडलं. आतून ढकला, बाहेरून ओढा असे आवाज आले. आणि बाटलीचं बूच सुटावं तशा फिलोमेनामावशी बाहेर आल्या. बाहेर आल्यावर त्यांचा परकर उघडला. मी मोजमापाचा माणूस आहे. रुंदी सव्वा मीटर, आरपार. एकाखाली एक असे सहा परकर, खळ घालून पुठ्ठ्यासारखे कडक केलेले, वर हजारभर चुण्या, चुणीवर चुणी. त्यांच्यामागून आणखी बेचाळीस जणी निघाल्या. लाल, निळ्या, हिरव्या. सगळं पटांगण भरून गेलं.

"मावशी," मी म्हणालो, "एवढं कशाला..."

"आमचं गाणं वाजणार आणि आम्ही झाडलोटीच्या कपड्यांत यायचं?"

"फार छान. चला, आत बसू या."

"बसायचं?" मावशींनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "अरे लेका, यात बसत नाहीत."

मी शहरात जन्मलो, शहरात वाढलो. ज्याच्या चार पिढ्या ट्रामने फिरल्या त्याला हे ठाऊक असायचं कारण नाही. पण प्रयत्न करून बघायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. गर्दीतली सगळ्यात बारीक मुलगी पुढे झाली. अठ्ठेचाळीस सेंटिमीटरच्या खुर्चीच्या दोन हातांमध्ये ती मागे मागे सरकली आणि टेकली. किल्ल्याचा झुलता पूल उचलावा तसा समोरून अख्खा परकर वर आला आणि मुलगी नाहीशी झाली.

आतून आवाज आला, "मला काही दिसत नाहीये."

तिला चौघींनी बाहेर काढलं. एक चुणी मोडली होती. मावशींनी त्या चुणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गुडघा दाखवतानाचं प्रेम त्या नजरेत उरलेलं नव्हतं.

"मग भिंतीला लागून उभ्या राहा," मी म्हणालो. "मागे, बाजूला, कुठेही."

"डॉक्टर."

मागे इंजिनिअर स्मेताक उभे होते. अंगावर पिवळं जाकीट, हातात कागद अडकवलेली पाटी.

"शेजारी म्हणून सांगतो, आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नाही. अधिकारी म्हणून सांगतो, यातली एकही बाई वाटेत, भिंतीला किंवा दारात उभी राहणार नाही. आणि हे कापड, ही खळ... पेट कधी घेईल सांगता येत नाही."

"पण गाव बोलवा असं तुम्हीच सांगितलंत!"

"ते जिन्यात. जिन्यात मी अधिकारी नसतो."

"शेजाऱ्याने अधिकाऱ्याला जरा सांगावं की!"

"त्यांचं आपसात पटत नाही," स्मेताक गंभीरपणे म्हणाले.

तीन वाजायला अठरा मिनिटं होती. व्हॉलीबॉलवाल्यांनी आमची दशा पाहून व्यायामशाळेतले बाक देऊ केले. पण प्रश्न बाकांचा नव्हता, बसण्याचाच होता. राडाना आतून आली. काळा पोशाख, हातात काठी. सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"इंजिनिअरसाहेब," तिने विचारलं, "मंचावर उभं राहायला चालतं?"

स्मेताकांनी पानं उलटली. "कलाकारांना चालतं. जन्मतारखांसह यादी हवी."

"मग या कलाकार आहेत."

कलाकारांच्या यादीचं काम माझ्याकडे आलं. त्रेचाळीस नावं लिहून झाली. जन्मसालाचा रकाना आला तशी कामाची गती मंदावली.

"आगीला वय लागतं का?" फिलोमेनामावशींनी विचारलं.

"नियम आहे, मावशी."

"मग सगळ्यांच्या पुढे एकच लिही. ह्या चुणी मोडलेल्या पोरीचं."

त्या दिवशी आमच्या मंचावर एकोणीस वर्षांच्या त्रेचाळीस तरुणी होत्या. त्यातल्या काहींना नातवंडं होती. स्मेताकांनी यादी वाचली, एकदा मंचाकडे पाहिलं आणि सही केली.

बायका हॉर्नवाल्यांच्या मागे तीन रांगांत उभ्या राहिल्या. मंच गच्च भरला. दृश्य देखणं होतं, यात वाद नाही. पण मी माझ्या जागी बसून समोर पाहिलं. आलेले सगळे श्रोते कडेकडेने बसले होते आणि सभागृहाच्या ऐन मध्यावर, सगळ्यात चांगल्या जागी, "पाहुणा संघ" अशा चिठ्ठ्या लावलेल्या रांगा ओस पडल्या होत्या. मधून मधून एकवीस पुरुष ताठ बसले होते, तोंडात एखाद दुसरा दात उरावा तसे.

डॉ. हाव्रान्कोव्हा आल्या. तिसऱ्या रांगेत बसल्या. मागे वळून पाहिलं. मग उठून मंचापाशी आल्या आणि कडेला बसलेल्या मला खुणेने वाकायला लावलं.

"डॉ. कालिवोदा, पाहुणे आले नाहीत वाटतं."

"आलेत, मॅडम. मागे उभे आहेत."

"मंचावरच्या माणसाला मी प्रेक्षक धरू शकत नाही. तसं धरलं तर तुम्हीही प्रेक्षकच ठराल."

बाई सरळ आहेत. म्हणून तर त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

मैफलीच्या पूर्वार्धात गावाकडचे नाच होते. ते बरे गेले. एवढंच, की प्रत्येक नाचाला मंचाच्या मागच्या फळ्या हलत होत्या, कारण त्रेचाळीस बायका जागच्या जागी ताल धरत होत्या. मध्यंतरात मावशींनी कमरेच्या पिशवीतून खसखशीच्या पोळ्या काढल्या आणि पुढच्या रांगेला वाटल्या. पहिल्या हॉर्नवाल्याने तीन खाल्ल्या. हॉर्नमध्ये खसखस गेली तर काय होतं, यावर कुठल्याच ग्रंथात काही लिहिलेलं नाही.

मग सिंफनी. पहिला भाग. दुसरा भाग. तिसरा.

"सावकाश. पण झोपू नये." राडानाने काठी उचलली आणि हॉर्नने चाल सुरू केली. खसखशीसह. हालुझाने लिहिली होती तशीच.

"असं नाहीये ते," मंचावरच्या बायकांतून कोणीतरी कुजबुजलं. कुजबुज बेझिंकोवची होती, म्हणजे सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. आणि हॉर्नवाल्याला मदत करावी अशा शुद्ध हेतूने, आधी एकीने, मग चौघींनी, मग सगळ्यांनी गाणं धरलं. आमच्यापेक्षा खाली, आमच्यापेक्षा सावकाश. हॉर्न एकीकडे, बायका दुसरीकडे, मध्ये हार्पवाली हात वर करून बसलेली. मी म्-चक करत होतो आणि मनात म्हणत होतो, संपलं. मंगळवार गेला. राडाना पुन्हा घरोघर चहा पीत फिरणार आणि या वेळी कोणी येणार नाही.

तेवढ्यात पाहुण्यांच्या मधल्या रांगांतून मेतोदेयकाका उठले.

वाटेत स्मेताकांनी हात आडवा केला. काकांनी तो हात, दारातला पडदा सारावा तसा बाजूला केला. सरळ चालत आले, तीन पायऱ्या चढले आणि राडानाच्या शेजारी उभे राहिले. श्रोत्यांकडे पाठ, आमच्याकडे तोंड. टोपी जरा मागे केली. आमच्या डोळ्यांत पाहिलं. आणि गाणं उचललं.

"नाशपातीखाली बांधलं घोडं,
घोडं गेलं, दावं राहिलं..."

आवाज चिरका होता. एक्याऐंशी वर्षांचा होता. पण तो कुठे निघाला आहे, हे त्याला ठाऊक होतं. बायका क्षणात त्याच्या मागे गेल्या. राडानाची काठी हवेत थांबली. साठ माणसं तिच्याकडे बघत होती. तिने काकांकडे पाहिलं, त्यांच्या छातीकडे, श्वास कुठे घेतात तिकडे. आणि काठी कागदांवर ठेवून दिली.

काका दुसऱ्या ओळीशी अडले. पाय पुढे टाकला, मागे घेतला. मग वळले आणि माझ्याकडे, हो, माझ्याकडे बोट केलं.

"ए मधले! झोपलात काय? पाय कुठे ठेवू मी?"

अकरा वर्षांत व्हायोलाला कोणी काही विचारलं नव्हतं. पहिल्यांदा मला अपमान वाटला, सवयीने. मग लक्षात आलं की म्हातारा खरंच विचारतो आहे. त्याच्या गावात सुरावट कोणाचीही असो, नाचणारा पाय ठेवतो तो मधल्या वाद्यावर. म्-चकवर. मी कागदावरची नजर काढली, त्याच्या बुटांकडे लावली आणि म्-ला जरा ओढून धरलं, चकला सोडलं. शेजारच्या पाच जणांनी माझ्याकडे पाहून तेच केलं. काकांचा पाय पडला. बरोबर पडला. मग चेलो आले. मग व्हायोलिनवाले, आयुष्यात पहिल्यांदा आमच्या मागून. राडाना नुसत्या हनुवटीने कुणी कधी यायचं ते सांगत होती, आणि साठच्या साठ जण एका माणसाच्या दमावर चालत होते.

हालुझाने दोन कडवी उतरवली होती. गाण्याला सात होती. नऊ मिनिटांचा तिसरा भाग एकवीस मिनिटं चालला. शेवटी काकांनी राडानाकडे पाहून मान हलवली, "घ्या, आता तुमचं," म्हणाले आणि खाली उतरून जागेवर जाऊन बसले. चौथा भाग आम्ही कसा वाजवला ते मला सांगता येणार नाही. वाजवला.

टाळ्या ओसरल्यावर डॉ. हाव्रान्कोव्हा मंचापाशी आल्या. चष्मा काढून पुसत होत्या.

"मी असं कधी ऐकलं नव्हतं," त्या राडानाला म्हणाल्या. मग चष्मा घातला. "पण एकोणसाठ खुर्च्या रिकाम्या होत्या. मी पत्रात लिहिलं होतं. मला फार वाईट वाटतं."

राडाना कागद गोळा करून चाकाच्या पिशवीत भरत होती. "मला कळतं," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"क्षमा करा." स्मेताक. पिवळं जाकीट, पाटी. "मला एक गंभीर बाब नोंदवायची आहे. नियमभंग झाला आहे."

मी डोळे मिटले.

"मंच धरून या सभागृहाची मान्य क्षमता दोनशे वीस व्यक्ती. आज आत होते दोनशे पंचवीस. वेळेत कारवाई करता आली नाही, कारण मोजताना मध्येच गाणं आलं. तीनदा पहिल्यापासून मोजावं लागलं."

कुलसचिवांनी कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला.

"म्हणजे सभागृह..."

"भरून वर पाच."

"आणि ऑर्केस्ट्रा मंचावर असताना जर सगळ्या एकशे ऐंशी खुर्च्या भरल्या असत्या तर?"

"तर मी मैफल बंद केली असती. तुमची अट पाळणं नियमानेच शक्य नव्हतं, मॅडम. मला कोणी विचारलं नाही."

मागे बायका मंचावरून एकेक करून उतरत होत्या, तिरक्या होऊन.

"ऑर्केस्ट्राला ताकीदपत्र जाईल," डॉ. हाव्रान्कोव्हा म्हणाल्या. "गर्दी केल्याबद्दल. माझ्याकडे फाइलला लागेल. मंगळवार तुमच्याकडेच राहू द्या." आणि चार पावलं गेल्यावर वळून म्हणाल्या, "पुढच्या वेळी पाच माणसं कमी बोलवा."

मी स्मेताकांचा हात धरला. "शेजारी म्हणून काही बोलायचंय का, इंजिनिअरसाहेब?"

"शेजारी सध्या ड्यूटीवर नाही," ते म्हणाले, आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

राडाना पिशवीची चेन लावत होती. ती दोनदा अडकली. तिसऱ्यांदा लागली.

"मंगळवारी तिसरा भाग पुन्हा घेऊ," ती म्हणाली. "व्हायोला, पाचव्या कडव्यात तुम्ही घाई केलीत."

"हो," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुठलीच चूक कबूल केली नव्हती.

बेझिंकोवमध्ये त्या रविवारसाठी परकरांना खळ घालायला आधीच्या बुधवारीच, पहाटे, सुरुवात झाली होती.